जुना डेस्कटॉप: पैसे घालायचे, दुसरं काम द्यायचं की काढून टाकायचा?

दुकानदार म्हणतो, "नवीनच घ्या." कॉम्प्युटरमधलं कळणारा भाचा म्हणतो, "एसएसडी टाका, पळेल." (एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क.) दोघंही कॅबिनेट न उघडता बोलत असतात. दहा वर्षांचं एखादं मशीन अजून दोन-तीन वर्षं सहज चालतं आणि सहा वर्षांचं एखादं आजच काढण्याच्या लायकीचं असतं. वयावरून काही ठरत नाही.

इथे डोळ्यासमोर धरलेलं मशीन आपल्याकडे घरांत, दुकानांत आणि पतसंस्थांत सर्रास दिसणारं आहे. २०११ ते २०१७ च्या दरम्यान असेम्बल केलेलं, आय३ किंवा आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, व्हीजीए मॉनिटर, टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस. किंवा मग कंपनीतून निघून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारामार्गे घरी आलेलं डेल-एचपीचं ऑफिस मशीन.

निर्णयाची कसोटी एकच ठेवा: आज घेतलेला पार्ट पुढच्या मशीनमध्ये जाणार आहे, की या बोर्डाबरोबरच (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मदरबोर्ड) मरणार आहे? एसएसडी, चांगला एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), मॉनिटर, कीबोर्ड पुढे जातात. डीडीआर३ रॅम (रॅमचा जुना प्रकार) आणि जुन्या सॉकेटचा (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेचा) प्रोसेसर बोर्डाबरोबर भंगारात जातात. पहिल्या प्रकारावर खर्च करताना फार विचार करू नका. दुसऱ्या प्रकारावर मात्र हात आखडता ठेवा. त्यासाठी एक मर्यादा सोयीची पडते: आपल्यासारखंच चालू जुनं मशीन बाजारात ज्या भावाला मिळतं, त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त पैसे अशा पार्टमध्ये घालू नयेत.

बोर्ड कोणता, ते आधी बघा

सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. प्रोसेसरचं नाव, बोर्डाचं मॉडेल, रॅमचा प्रकार आणि किती स्लॉट भरलेत हे त्यात दिसतं. इंटेलच्या नावात डॅशनंतरचा पहिला आकडा म्हणजे पिढी. आय५-३४७० म्हणजे तिसरी, आय३-४१५० म्हणजे चौथी. दहाव्या पिढीपासून पुढे पहिले दोन आकडे बघायचे.

दुसरी आणि तिसरी पिढी (२०११-१२) ११५५ सॉकेटवर, बहुधा एच६१ बोर्डावर असते. रॅम डीडीआर३, स्लॉट दोन, कमाल १६ जीबी. चौथी पिढी (२०१३) ११५० सॉकेटवर, एच८१ बोर्ड, रॅम पुन्हा डीडीआर३. सहावी-सातवी ११५१ सॉकेटवर, बोर्ड एच११०, रॅम बहुतेक वेळा डीडीआर४.

इथे एक सापळा आहे. आठव्या पिढीचं सॉकेटही ११५१ च म्हणवतं, पण त्याला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप; एच६१, एच११० ही अशा चिपांचीच नावं) लागतो. एच११० वर आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो, पण चालत नाही. "सॉकेट सेम आहे" एवढ्या भरवशावर जुना आय५-८४०० उचलून आणणारे दर आठवड्याला कुणी ना कुणी असतात.

बोर्डावर जी३१ किंवा जी४१ लिहिलेलं असेल, आत कोअर २ ड्युओ किंवा पेंटियम ड्युअल कोअर असेल, तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. थेट शेवटच्या भागाकडे जा. त्या मशीनमध्ये एक रुपयाही घालू नये.

"स्लो झालाय" म्हणजे नेमकं काय झालंय

मशीन सुरू करा, विंडोज आल्यावर लगेच टास्क मॅनेजर उघडा आणि पहिली दहा मिनिटं परफॉर्मन्सचा टॅब बघत बसा. या वेळात जे दिसतं त्यावर बहुतेक निदान होतं.

सर्वांत जास्त वेळा दिसणारं चित्र असं: डिस्क १०० टक्के, पण खाली वाचण्याचा वेग जेमतेम २-३ एमबी. प्रोसेसर १५-२० टक्क्यांवर रिकामा बसलेला. ही हार्ड डिस्कची मर्यादा आहे. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरी मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात आणि वाचणारं डोकं एका जागेवरून दुसरीकडे न्यायला साधारण तेवढेच. विखुरलेल्या बारीक फायली वाचायच्या झाल्या तर सेकंदाला ऐंशी-शंभर वाचनं होतात, त्यापुढे ती जाऊ शकत नाही. विंडोज १० सुरू होताना अशी हजारो वाचनं मागतं. साधी एसएसडी तीच वाचनं सेकंदाला हजारोंनी करते. म्हणून एसएसडी टाकल्यावर पडणारा फरक डोळ्यांना दिसतो आणि प्रोसेसर बदलल्यावर पडणारा फरक बिलावरच दिसतो.

दुसरं चित्र: मेमरी ८५ टक्क्यांच्या वर आणि "कमिटेड"चा आकडा रॅमपेक्षा मोठा. म्हणजे रॅम कमी पडून डिस्कवर अदलाबदल चालू आहे. ४ जीबीतून ऑनबोर्ड ग्राफिक्सही आपला वाटा काढून घेतो, तेव्हा ब्राउझरच्या सात-आठ टॅबमध्ये मशीन गुदमरतं.

तिसरं: प्रोसेसरच १०० टक्के. आधी तो कोण खातोय ते बघा. अँटिव्हायरसचं स्कॅन किंवा विंडोज अपडेट असेल तर अर्धा तास थांबा. यूट्यूब असेल तर कारण वेगळं आहे. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या प्रकारांत पाठवतं आणि चौथ्या पिढीपर्यंतच्या इंटेल ग्राफिक्समध्ये ते उलगडणारं हार्डवेअरच नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ब्राउझरमध्ये एच२६४ हा जुना प्रकार सक्तीनं मागणारं एक्स्टेन्शन टाकलं की हाच आय३ निवांत होतो. खर्च शून्य.

चौथं चित्र लोक हमखास चुकवतात: काम चालू असूनही प्रोसेसरचा वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकलेला. हे मशीन म्हातारं झाल्याचं लक्षण नाही, ते तापलंय.

डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासणारं सॉफ्टवेअर चालवा आणि "गुड" या हिरव्या शब्दावर समाधान मानू नका. चार ओळी बघा. ०५ ही बदललेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची), सी५ ही वाचता न येऊन लटकलेल्या सेक्टरांची, सी६ ही अजिबात न सुधारलेल्या सेक्टरांची. या तिन्हींचा मूळ आकडा शून्य हवा. ०५ मध्ये आठ-दहा असून ते महिनोन् महिने तेवढेच राहिले तर एक वेळ चालेल. सी५ मध्ये शून्य सोडून काहीही दिसलं तर मशीन वापरणं थांबवा आणि आधी डेटा बाहेर काढा. डीफ्रॅग, चेकडिस्क असलं काही त्या डिस्कवर चालवू नका, मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते.

चौथी ओळ सी७. ती वाढत असेल तर दोष डिस्कचा नसून बहुधा साटा केबलचा (डिस्क बोर्डाला जोडणाऱ्या केबलचा) असतो. पन्नास-शंभर रुपयांची केबल बदलल्यावर आकडा वाढायचा थांबतो. जुना आकडा पुसला जात नाही, त्यामुळे बदलण्याआधी तो लिहून ठेवा.

उघडा, साफ करा, मग बोला

कोणताही पार्ट विकत घेण्याआधी ही साफसफाई करायची. पॉवर केबल काढा, पॉवर बटण पाच-सहा सेकंद दाबून ठेवा, मग कॅबिनेट गॅलरीत न्या आणि ब्लोअर मारा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. ब्लोअरच्या झोतानं पंखा गरगर फिरू दिला की बेअरिंग जातं आणि आठवड्याभरात घरघर सुरू होते. एसएमपीएसमध्ये बाहेरूनच ब्लोअर मारा, तो कधीही उघडू नका. आतले मोठे कॅपॅसिटर केबल काढल्यावरही झटका देण्याइतका भार धरून असतात.

प्रोसेसरवरची पेस्ट पाच वर्षांत वाळून खडूसारखी होते. इंटेलच्या मूळ कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. काढताना त्या बाणाच्या दिशेनं फिरवून वर ओढायच्या. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडानं पुसा, मध्यभागी वाटाण्याच्या निम्म्या आकाराचा थेंब ठेवा, पसरवत बसू नका. कूलर बसवताना खुंट्या मूळ स्थितीत फिरवून समोरासमोरच्या जोडीनं दाबायच्या. मग बोर्डाच्या मागून बघा: चारही ठिकाणी पांढरे दोन पाय भोकातून बाहेर येऊन त्यांच्यामध्ये काळी खुंटी शिरलेली दिसली पाहिजे. एक जरी अर्धवट राहिली तर कूलर एका कोपऱ्यात उचलला जातो आणि तापमान दोन मिनिटांत नव्वदच्या पुढे जातं. "पेस्ट बदलल्यापासून जास्तच तापतोय" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच खुंटी असते.

इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा प्रोसेसर असलेल्या एएम४ सॉकेटच्या मशीनवर वेगळी काळजी घ्या. वाळलेल्या पेस्टमुळे कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याबरोबरच येतो आणि त्याच्या पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, बंद करा, आणि कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

आत असतानाच बोर्डावरचे कॅपॅसिटर बघा. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल किंवा वर तपकिरी डाग असेल तर त्या बोर्डावर पुढे काही टाकू नका. कोकणात आणि किनाऱ्याजवळच्या घरांत पोर्टांवर आणि रॅमच्या स्लॉटवर हिरवट गंजही दिसतो. रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबरानं हलके पुसले की निम्मे "नो डिस्प्ले" (मशीन चालू, पण पडद्यावर काहीच नाही) तिथेच बरे होतात.

बोर्डावरचा नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ सेल पाच-सात वर्षांत संपतो. तारीख मागे जाते आणि मग ब्राउझर प्रत्येक साइटला "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतो. सेल बदलण्याआधी बायोसच्या (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगच्या) सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. सेल काढल्यावर सेटिंग मूळपदावर जातात, साटाचा मोड एएचसीआयवरून आयडीईवर (डिस्कशी बोलण्याच्या नव्या-जुन्या पद्धती) किंवा उलट होतो, आणि धडधाकट विंडोज निळा पडदा दाखवून बूट व्हायला नकार देतं. लोक मग फॉरमॅट मारतात. मोड पूर्ववत केला की ते मुकाट्यानं सुरू होतं.

साफसफाईनंतर एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर चालवून तापमान मोजा. नुसतं बसलेलं असताना ३५ ते ५० अंश, पूर्ण भारावर ८० च्या आत असेल तर ठीक. त्याच ठिकाणी १२ व्होल्टची ओळही दिसते, ती ११.४ ते १२.६ मध्ये हवी. बोर्डाचं सेन्सर कधीकधी थापा मारतं, म्हणून आकडा विचित्र दिसला तर मल्टीमीटरनं मोलेक्स कनेक्टरची पिवळी आणि काळी वायर मोजून खात्री करा. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या "४५० वॅट"च्या एसएमपीएसवर तो आकडा बहुधा स्टिकरपुरताच असतो. मशीन मधूनच रीस्टार्ट होत असेल तर संशयित नंबर एक तोच. ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये मात्र बऱ्याचदा एसएमपीएसचा कनेक्टर नेहमीचा २४ पिनांचा नसून कंपनीचा स्वतःचा असतो. बाजारातला साधा एसएमपीएस अशा ठिकाणी थेट लागत नाही, आणि त्या मशीनचं पुढचं आयुष्य मोजताना हे धरायला हवं.

पैसे घालायचे ठरलं तर

आधी एसएसडी. एच६१ ते एच८१ बोर्डांवर सहसा एम.२ स्लॉट (काडीसारख्या एसएसडीची खाच) नसतो, तेव्हा अडीच इंची साटा एसएसडीच घ्या, २४० किंवा २५६ जीबीपासून पुढची. पीसीआय एक्स्प्रेस कार्डावर एनव्हीएमई (एसएसडीचा वेगवान प्रकार) लावता येते, पण या बोर्डांचा बायोस सहसा त्यावरून बूट करत नाही. एच६१ वर सगळे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे आहेत, म्हणजे वेग २८० एमबीच्या आसपास थांबतो. एच८१ वर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, त्यांतला एक वापरा. पण दुकानदार "तुमच्या बोर्डावर एसएसडीचा उपयोग नाही" म्हणाला तर ऐकू नका. फायदा मिळतो तो विखुरलेल्या वाचनांचा, आणि ३ गिगाबिट त्याला भरपूर झालं.

लावण्याआधी बायोसमध्ये साटा मोड बघा. आयडीई असेल आणि विंडोज तसंच ठेवायचं असेल तर क्रम असा: विंडोजच्या एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या, मग सेफ बूट काढा. थेट बदललं तर निळा पडदा.

डिस्क निरोगी असेल तर क्लोन करा, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवा. क्लोनझिला फुकट आहे, पण लहान एसएसडीवर जायचं असेल तर आधी डिस्कचे विभाग (पार्टिशन) आक्रसून घ्यावे लागतात. बऱ्याच एसएसडी कंपन्यांचं स्वतःचं क्लोन सॉफ्टवेअर ते आपोआप करतं. सी५ मध्ये आकडा असेल तर क्लोनच्या नादी लागू नका. डेटा हातानं कॉपी करा आणि विंडोज नव्यानं टाका.

नव्यानं टाकताना जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा, हे विसरू नका. ती लावलेली असली तर विंडोजचा सेटअप बूटच्या फायली गुपचूप जुन्या डिस्कवरच ठेवतो. सगळं छान चालतं, आणि वर्षभरानं जुनी डिस्क मेली की नवी एसएसडीही बूट होत नाही. विंडोज टाकून झाल्यावर जुनी डिस्क परत जोडा, साठवणीसाठी.

मग रॅम. घर-दुकानाच्या कामाला ८ जीबी पुरते. एकच स्लॉट भरलेला असेल तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी टाका. दोन चॅनल चालू झाले की ऑनबोर्ड ग्राफिक्सलाही फायदा होतो. डीडीआर३ आता बहुधा जुनीच मिळते, तेव्हा दुकानातच लावून बघा आणि घरी रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची निदान एक पूर्ण फेरी चालवा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबीच्या काही डीडीआर३ पट्ट्यांवर बारीक अक्षरांत "फक्त एएमडीसाठी" लिहिलेलं असतं. त्या इंटेलच्या बोर्डावर चालत नाहीत: मशीन नुसती बीप देतं आणि दोष बोर्डाच्या माथी जातो.

इथे थांबा. जुन्या इंटेल बोर्डावर प्रोसेसर बदलणं सहसा परवडत नाही. एच६१ वर आय३-२१०० काढून आय५-३४७० बसतो, पण त्यासाठी आधी जुन्या प्रोसेसरवर असतानाच बायोस अपडेट करावा लागतो. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डच जातो, तेव्हा यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय तिकडे वळू नका. अपवाद एएम४ चा. २०१७ चा रायझन ३ १२०० असेल आणि बोर्डाच्या कंपनीनं नवा बायोस दिला असेल, तर त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. विंडोज ११ च्या यादीतही मशीन येतं आणि चार-पाच वर्षं मिळतात. जुन्या बोर्डावर प्रोसेसरसाठी पैसे घालावेत असं हे जवळपास एकच ठिकाण.

विंडोजचा प्रश्न

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पुढे नाहीत. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून चालतं. टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूटही (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) हवं.

आठव्या पिढीचं मशीन असून "तुमचा पीसी पात्र नाही" येत असेल तर बहुधा बायोसमध्ये टीपीएम बंद आहे. इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम नावाचा पर्याय चालू करा. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी टूल चालवून ती आधी बदला, नंतर बायोसमध्ये यूईएफआय (बूटची नवी पद्धत) करा. क्रम उलटा झाला तर बूट होणार नाही. अर्थात हे सगळं बॅकअप घेतल्यावर.

जुन्या पिढीवर अट चुकवून विंडोज ११ टाकता येतं, बरेच जण टाकतातही. पण दरवर्षीचं मोठं अपडेट हातानं करावं लागतं आणि ते कधी बंद पडेल याची हमी नाही. २४एच२ हे मोठं अपडेट आल्यावर कोअर २ ड्युओवर ते बूटच व्हायचं थांबलं, कारण त्या प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही सूचनाच नाही. हौसेच्या मशीनला ठीक आहे. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचं रिटर्न चालतं, त्यावर हा खेळ नको.

म्हणजे सातव्या पिढीपर्यंतच्या मशीनपुढे रस्ते दोन: लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली), नाहीतर इंटरनेटपासून लांब असलेलं काम. विंडोजवरच राहायचं असेल तर त्या बोर्डात रॅम घालण्याआधी आठव्या पिढीच्या जुन्या ऑफिस मशीनचा भाव विचारा. नवीन एसएसडी त्यातही लागेलच.

दुसरं काम

इथे आपल्याकडची सर्वांत खरी गरज डीटीपीवाल्यांची (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांची) आणि छोट्या ऑफिसांची. पेजमेकर, जुन्या फाँट पॅकेजचा डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली), पॅरलल पोर्टवरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ही साखळी विंडोज एक्सपी किंवा ७ वर नीट चालते आणि नव्या मशीनवर अडते. अशा मशीनला हात लावू नका. फक्त त्याचं नेटवर्क कायमचं तोडा: लॅनची केबल काढा, वायफायचं कार्ड काढा, पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासून मगच लावा. क्लोनझिलानं पूर्ण डिस्कची इमेज घेऊन दोन ठिकाणी ठेवा. तोच बोर्ड भंगारात स्वस्त दिसला तर घेऊन ठेवा. आणि दरम्यान जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलत चला, छापून झालेल्या फायलींच्या पीडीएफ करून ठेवा. डोंगल एकदा मेला की फायली उघडतील, पण अक्षरं ओळखता येणार नाहीत.

मुलांच्या अभ्यासाला किंवा नुसत्या ब्राउझिंगला लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी. २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि ४ जीबीतही ती तग धरते. टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून आवाज, वायफाय आणि प्रिंटर तपासा. प्रिंटर विशेष करून. आपल्याकडे दुकानादुकानांत असलेला कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर चालवणं डोकेदुखी आहे, कारण तो कॅप्ट नावाची स्वतःचीच भाषा बोलतो. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्यासाठी एक विंडोज मशीन बाजूला ठेवाच. मराठी टायपिंगची अडचण नाही: इनस्क्रिप्ट आधीपासूनच असतो, उच्चारानुसार टाइप करायचं असेल तर आयबस या टायपिंगच्या सोयीबरोबर एम१७एन हा जोडभाग टाका.

घरचा फाइल सर्व्हर करायचा मोह सगळ्यांना होतो. आधी विजेचा हिशेब करा. असं मशीन नुसतं बसून ४० वॅट घेतं असं धरलं तर चोवीस तासांचे महिन्याला जवळजवळ २९ युनिट. दर १० रुपये धरला तर २९० रुपये, वर्षाचे साडेतीन हजार. तेवढ्यात एक पोर्टेबल हार्ड डिस्क दर दोन वर्षांनी घेता येते. म्हणून सर्व्हर करायचाच तर रविवारी दोन तास चालू करून बॅकअप घ्यायचा आणि बंद करायचा, असा करा. डिस्क मात्र नवी हवी. ज्या जुन्या डिस्कवर भरवसा नाही म्हणून ती काढली, तीच बॅकअपला लावायची हा प्रकार आश्चर्य वाटावं इतक्या ठिकाणी दिसतो.

शाळेला द्यायचं असेल तर मॉनिटर, कीबोर्ड, माउस, एसएसडीसह चालू स्थितीत द्या. बंद डबा देणं म्हणजे आपला कचरा त्यांच्या स्टोअररूममध्ये नेऊन टाकणं.

काढून टाकताना

फुगलेले कॅपॅसिटर, खोडरबर आणि रॅमची अदलाबदल करूनही वारंवार येणारा नो डिस्प्ले, डीडीआर२ चा बोर्ड: यांपैकी काहीही असेल तर दुरुस्तीचा प्रयत्न नको. जुन्या बोर्डाची दुरुस्ती सहसा काही महिनेच टिकते आणि बदली बोर्डही तितकाच म्हातारा असतो.

आधी डेटा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सगळेच घेतात, राहून जातं ते हे: टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल (त्यात सगळे मेल असतात), ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क, विकत घेतलेले मराठी फाँट, डाउनलोड्समधली जुनी चलनं आणि रिटर्नच्या पावत्या. नव्या जागी चार-पाच फायली उघडून बघा आणि मगच जुनी डिस्क पुसायला घ्या. विंडोजचा परवाना मशीनबरोबर आलेला ओईएम असेल तर तो बोर्डाशी बांधलेला असतो, रिटेल घेतलेला असेल तर नव्या मशीनवर नेता येतो.

पुसणं म्हणजे क्विक फॉरमॅट नव्हे. त्यात फक्त फायलींची यादी पुसली जाते, फायली जागेवरच राहतात. हार्ड डिस्कला क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारा, किंवा विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये योग्य डिस्क निवडून "क्लीन ऑल" द्या. दोन्हीत प्रत्येक सेक्टरवर शून्यं लिहिली जातात, ५०० जीबीला दोन तासांच्या आसपास लागतात. डिस्कचा क्रमांक दोनदा बघा, कारण हा आदेश खात्री विचारत नाही. एसएसडीला हा मार्ग पुरा पडत नाही, तिला कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरा. डिस्क चालूच होत नसेल तर झाकण उघडून तबकड्यांना ड्रिलनं भोकं पाडा. डोळ्यांवर चष्मा लावूनच, काही डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात आणि फुटून उडतात.

काढून ठेवण्यासारखं: एसएसडी, बरा एसएमपीएस, वायफाय कार्ड, साटा केबली, स्क्रू. चौथ्या पिढीचा आय५ किंवा आय७ चालू असेल तर जुन्या पार्टवाल्याकडे त्याचे काही पैसे येतात. त्यापेक्षा जुन्याचे फार येत नाहीत.

उरलेला बोर्ड दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. बहुतेक ठिकाणी वायरी तांब्यासाठी जाळल्या जातात आणि बोर्ड सोन्याच्या कणांसाठी आम्लात बुडवले जातात. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच हा माल जायला हवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी असते. सोसायटीतल्या पाच-दहा घरांचा माल एकत्र केला तर बरेच जण गाडी पाठवतात. ऑफिसचं मशीन असेल तर पावती मागून घ्या आणि मालमत्तेच्या नोंदवहीत लावा.

यूपीएसची बॅटरी यात टाकू नका. ती १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची, शिशाची असते. बॅटरीच्या दुकानात नवी घेताना जुनीचे पैसे वजा होतात. मॉनिटर चांगला असेल तर ठेवा. नव्या मशीनला व्हीजीए पोर्ट नसला तरी एचडीएमआयमधून व्हीजीए काढणारा छोटा अडॅप्टर मिळतो. मात्र आत चिप असलेलाच घ्या, नुसती केबल लावून चित्र येत नाही.